आहे ते राखायचं

रिफाम्पिसिनची कॅप्सूल पोटात गेली की काही तासांत लघवी लाल होते. तो औषधाचाच रंग असतो, त्यानं काही बिघडत नाही आणि एक-दोन दिवसांत तो आपोआप जातो. पण कुष्ठरोगावरच्या या औषधाचा पहिला डोस घेतलेला माणूस संध्याकाळी बांधाआड बसतो आणि खाली लाल पाहतो, तेव्हा हे सांगायला तिथं कोणी नसतं. ज्या आजाराला त्याच्या आजीनं आयुष्यभर रक्तपिती म्हटलं, त्याचं औषध घेतलं आणि रक्त पडलं, एवढंच त्याला कळतं. मग गोळ्यांचं पाकीट नाल्यात जातं, नाहीतर वळचणीला खोचलं जातं आणि तिथंच राहतं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, चंद्रपूर जिल्ह्यात अवैद्यकीय सहायक होते. पदाचं नाव रुक्ष आहे. काम असं की गावोगाव सायकलनं फिरायचं, अंगावरचे चट्टे शोधायचे, संशय आला त्या माणसाला डॉक्टरांपुढे उभं करायचं आणि निदान झालं की महिन्याच्या महिन्याला औषध पोचवायचं. दोन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आमच्या भागात नवी होती, तेव्हाची ही गोष्ट. शाळेला सुट्टी असली की ते मला सायकलच्या दांडीवर बसवून नेत, त्यामुळे त्यांचं बोलणं मी अगदी जवळून ऐकलं आहे. महिन्याचा मोठा डोस समोर बसवून गिळायला लावायचा, असा नियम होता. कॅप्सूल हातावर ठेवण्याआधी दादा म्हणायचे, "भाऊ, आज सांजेला लघवी लाल होईल. औषध अंगात उतरलं, त्याची ती खूण आहे. लाल झाली नाही तर मात्र मला निरोप धाडा."

त्या शेवटच्या वाक्यावर मी पुढे फार विचार केला आहे. त्या वाक्यानंतर माणूस लाल रंगाची वाट पाहू लागायचा. ज्या गोष्टीनं त्याचं काळीज थांबलं असतं, तीच गोष्ट दिसली नाही तर काळजी करायची, असं त्याच्या मनात बसायचं. पुढच्या महिन्यात दादांची सायकल पारापाशी टेकते न टेकते तोच तो स्वतःहून सांगायचा, "झाली जी लाल." जणू परीक्षेचा निकाल सांगतो आहे. औषध तेच, शरीर तेच. एक वाक्य फक्त वेळेवर आलं होतं, भीतीच्या आधी आलं होतं. भीती एकदा घरात शिरून बसली की मग तुम्ही दहा वाक्यं बोला, ती बाहेरच उभी राहतात.

अलीकडे एका अभ्यासाबद्दल वाचताना मला दादा आठवले. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना शेंगदाण्याचेच अगदी सूक्ष्म डोस द्यायचे, ते हळूहळू वाढवायचे आणि शरीराला सवय लावायची, असा एक उपचार आहे. तो चालू असताना तोंडाला खाज सुटते, पोटात दुखतं. मुलं घाबरतात, आईबाप त्याहून घाबरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ॲलिया क्रम, कारी नादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. काही कुटुंबांना त्यांनी सांगितलं की हे सौम्य त्रास म्हणजे उपचाराचे दुष्परिणाम आहेत, ते सोसावे लागतील. बाकीच्यांना सांगितलं की उपचार लागू पडतो आहे, शरीर शिकतं आहे, याची ती खूण असू शकते. उपचार दोघांनाही एकच होता. दुसऱ्या गटाची चिंता कमी राहिली आणि डोस वाढत गेले तशा त्यांच्या त्रासाच्या तक्रारीही कमी होत गेल्या. दादांना हे कुणी शिकवलं नव्हतं. नाल्यात सापडलेल्या गोळ्यांच्या पाकिटांनीच शिकवलं असावं.

त्यांच्या आधीच्या काळात हा आजार लोकांपुढे यायचा तो झडलेल्या बोटांच्या आणि बसलेल्या नाकाच्या चित्रांतून. चित्रं काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता: लोकांनी घाबरावं आणि दवाखान्यात धावत यावं. लोक घाबरले आणि घरात लपले. ज्याच्या पाठीवर फिकट चट्टा आहे, तो दुखत नाही, खाजत नाही, असा माणूस त्या चित्रापुढे उभा राहिला तर तो दोनच गोष्टी म्हणू शकतो. हा मी नाही, असं म्हणून तो घरी जाईल. किंवा हा मीच आहे, म्हणजे आता सगळं संपलं, असं म्हणून घरी जाईल. दोन्ही वाटा दवाखान्यापासून दूर जातात. त्या चित्रात त्याच्या हातांना करण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि न्यायानं बोलायचं तर त्या काळात सांगण्यासारखं फार काही हाताशीही नव्हतं. डॅप्सोन ही एकच गोळी वर्षानुवर्षं, कधी जन्मभर घ्यावी लागायची. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ मध्ये एकत्रित औषधांची शिफारस केली आणि १९८३ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. उपचाराला मुदत आली: आज कमी चट्टे असलेल्याला सहा महिने, जास्त असलेल्याला बारा. तेव्हा कुठं 'हा आजार बरा होतो' हे वाक्य छातीवर हात ठेवून बोलता येऊ लागलं. चांगल्या बाजूनं सांगण्याला आधी चांगली बाजू असावी लागते. दादांच्या बोलण्यातला गोडवा त्या कॅप्सूलच्या जोरावर होता, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शाळा तपासणी मी पाहिली आहे. सकाळचं ऊन अंगणात आलं की पोरं सदरे काढून ओळीनं उभी राहायची. हसणं, ढकलाढकली, गुरुजींचा आवाज. दादा एकेकाला उजेडाकडे पाठ करून उभं करायचे. एखाद्या पाठीवर फिकट डाग दिसला की खिशातलं बॉलपेन काढायचे. "डोळे मीट. जिथं लागलं तिथं बोट ठेव." पेनाचं टोक खांद्यावर टेकलं की पोराचं बोट अचूक तिथं यायचं. दंडावर टेकलं, तिथं यायचं. मग टोक त्या डागावर टेकायचं आणि पोरगं डोळे मिटून तसंच उभं राहायचं, पुढच्या स्पर्शाची वाट पाहत. स्पर्श होऊन गेला आहे, हे त्याला कळलेलंच नसायचं. दादांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. त्याच आवाजात "शाब्बास, जा" म्हणून ते पुढच्या पोराला बोलवायचे.

संध्याकाळी मात्र सायकल त्या पोराच्या घराकडे वळायची. आई चुलीपुढून उठायची, बाप खाट टाकायचा. दादा पाणी पिऊन म्हणायचे, "लवकर सापडलं, हे लई चांगलं झालं." कशाबद्दल, ते अजून सांगितलेलं नसायचं. मग आजाराचं नाव यायचं आणि लगेच त्यामागे औषध फुकट आहे, डॉक्टरांनी पाहिलं की सुरू करू, सहा महिन्यांत पोरगं मोकळं होईल, त्याचं ताट-अंथरूण वेगळं करायचं नाही, शाळा बंद करायची नाही. नाव लपवायचे नाहीत ते. आजाराचं नाव मधल्या जागी ठेवायचे, दोन्ही बाजूंनी आधार देऊन. घरातली बाई रडायची, पण रडून झाल्यावर विचारायची, "कधी यायचं जी दवाखान्यात?" एवढ्यासाठी ते त्या घरी गेलेले असत.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की ते गोड बोलणारे होते. त्यांच्याइतका कठोर माणूस मी क्वचित पाहिला. औषध रोगजंतू मारतं, मेलेल्या नसा जिवंत करत नाही. एका म्हाताऱ्यानं त्यांना माझ्यासमोर विचारलं होतं, "बोटं येतील का जी परत?" मुठीत नीट न मिटणारी आखूड बोटं होती त्याची. दादा म्हणाले, "नाही येणार. गेलं ते गेलं. आहे ते राखायचं." आणि त्यांनी सायकलला अडकवलेली पिशवी काढून खाली ठेवली. अर्धा तास ते त्या म्हाताऱ्याच्या पायांपाशी बसले. घमेल्यात पाणी मागवलं, पाय भिजत घातले, भिजून मऊ झालेल्या टाचेवरची जाड कातडी खरखरीत दगडानं घासली, ओल्या पायालाच तेल लावलं. तळवा वर करून त्यांनी एक भेग दाखवली, तिच्यात खडा रुतला होता. तो तिथं कधीपासून होता कोण जाणे. बधिर पायाला खडा कळत नाही, निखारा कळत नाही, चावलेला उंदीरही कळत नाही. "पायाला कळत नाही ते आता डोळ्यांनी पाहायचं. रोज सांजेला, दिवा लावायच्या आधी, उजेड असताना." मऊ रबराच्या तळाची चप्पल दवाखान्यातून मिळेल, ती घरातही घालायची, हे सांगून ते उठले.

बोटं येणार नाहीत, हे ऐकून म्हातारा खचला नाही, याचं मला लहानपणी नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. 'नाही' नंतर त्याच्या हाती लगेच एक काम आलं होतं, आणि ते उद्या संध्याकाळी करण्याजोगं होतं. मी चांगल्या बाजूनं सांगणं म्हणते ते हे. काय गेलं ते खरं सांगायचं, काय उरलं आहे ते त्याहून ठळक सांगायचं आणि उरलेल्याचं काय करता येईल ते हात धरून दाखवायचं. 'सगळं छान होईल' या वाक्याचा मला राग येतो, कारण त्यात यातलं एकही नाही. ते वाक्य बोलणाऱ्याची सुटका करतं. ऐकणारा जिथं होता तिथंच राहतो, आणखी एकटा.

आमच्या गावापासून वरोरा जवळ. तिथं १९४९ मध्ये बाबा आमटे आणि साधनाताईंनी खडकाळ जमिनीवर कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन सुरू केलं. संस्थेचं नाव महारोगी सेवा समिती आणि जागेचं नाव आनंदवन. पत्त्याच्या एकाच ओळीत दोन्ही नावं मी लहानपणी पाकिटावर वाचली आहेत. बाबांनी रुग्णांना जगापुढे आणलं ते विहिरी खणणारी, भाजी पिकवणारी, कापड विणणारी माणसं म्हणून. वरोऱ्याच्या मुलांसाठी तिथं महाविद्यालय उभं राहिलं, त्याच्या बांधकामात याच माणसांचा घाम होता. धडधाकट घरांतली मुलं त्या वर्गांत बसून पदवीधर झाली. ज्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नसे, त्यांच्या हातची भिंत गावानं आपली म्हटली. याहून मोठा निरोप कुठल्या भित्तिपत्रकानं दिला असता, मला सांगता येत नाही.

आणि उलटा निरोप देणारा कागद होता कायद्याचा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांमध्ये कुष्ठरोग होता, आणि तिथलं वर्णन होतं, बरा न होणारा. दवाखान्यातला माणूस सहा महिन्यांत मोकळं करतो म्हणून सांगत होता, तेव्हा न्यायालयाच्या पुस्तकात तोच आजार नवऱ्याला बायकोपासून सोडवत होता. हे कारण २०१९ मध्ये दुरुस्ती करून काढलं. इतकी वर्षं किती बायांनी चट्टा पदराखाली झाकला असेल? दवाखान्यात जाणं म्हणजे पुरावा तयार करणं, अशी भीती असताना 'लवकर या' या वाक्याला काय किंमत राहते? निरोप चांगला हवा, आणि ज्या जगात तो पोचवायचा त्या जगानं त्याला खोटं पाडू नये, एवढी तरी काळजी राज्यकर्त्यांनी घ्यायला हवी होती. ती फार उशिरा घेतली गेली.

गावातल्या अडाणी माणसालाच शब्दांची ही जादू चालते, असं शहरात बोललं जातं. ते खरं नाही. १९८२ मध्ये बार्बरा मॅकनील, एमॉस ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. फुप्फुसाच्या कर्करोगाला दोन उपचार, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार; तुम्ही काय निवडाल, असा प्रश्न. आकडे असे होते. शस्त्रक्रिया केलेल्या १०० जणांपैकी ९० त्यातून वाचतात, वर्षाअखेर ६८ हयात असतात, पाच वर्षांनी ३४. किरणोपचारात १०० च्या १०० उपचारातून पार पडतात, वर्षाअखेर ७७ असतात, पाच वर्षांनी २२. काहींना हे असं सांगितलं. काहींना उलटून सांगितलं: शस्त्रक्रियेत १० मरतात, वर्षाअखेर ३२, पाच वर्षांत ६६. दोन्हीकडे गणित एकच. पण मरणाऱ्यांची संख्या ऐकलेल्यांमध्ये किरणोपचाराकडे वळणारे बरेच वाढले. ज्यांना विचारलं त्यांत रुग्ण होते, व्यवस्थापन शिकणारे विद्यार्थी होते आणि डॉक्टरही होते. ट्वर्स्कींचे सहकारी डॅनियल कानेमन यांनी पुढे आपल्या पुस्तकात डॉक्टरांचे आकडे दिले आहेत: जगण्याच्या बाजूनं ऐकलं तेव्हा ८४ टक्के शस्त्रक्रिया म्हणाले, मरणाच्या बाजूनं ऐकलं तेव्हा ५० टक्के किरणोपचार म्हणाले. जे रोज असे आकडे दुसऱ्यांना सांगतात, त्यांचीही निवड वाक्य उलटताच बदलली.

यातून माणूस मूर्ख ठरतो, असं मला वाटत नाही. मरणाचा आकडा कानावर पडला की शरीर आधी ऐकतं, गणित मागून येतं. पण बोलणाऱ्यावरचा भार यातून फार वाढतो. कोणती तरी बाजू आधी बोलावीच लागते, आणि जी आधी बोलली ती ऐकणाऱ्याला एका दिशेला हलकेच ढकलते. 'मी फक्त माहिती दिली' असं म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत. मग करायचं काय? माझ्या मते दोन्ही बाजू सांगायच्या, आणि ज्या बाजूवर माणसाला उभं राहता येईल तिच्यापासून सुरुवात करायची. याला अपवाद आहेत. पुराचं पाणी दाराशी आलं असेल तर काय उरलं आहे ते मोजत बसायचं नसतं, पळा म्हणायचं असतं. तपासणीला या, असं सांगतानाही न आल्यास काय गमवाल ते सांगितलेलं अधिक लागू पडतं, असं काही मानसशास्त्रज्ञांनी मांडलं होतं. पुढच्या अभ्यासांत तो फरक फारसा मोठा निघाला नाही. दादाही शेंबडं पोर निखाऱ्याकडे गेलं की खेकसायचे. पण बहुतेक आयुष्य पुरात जात नाही. ते निदान झाल्यानंतरच्या लांबलचक दिवसांत जातं, आणि तिथं भीतीवर माणूस फार काळ चालत नाही.

दोन्ही बाजू अशा सांगितलेल्या मी आमच्याच घरात पाहिल्या. माझ्या थोरल्या चुलतीच्या, तिला आम्ही मोठी आई म्हणतो, आतड्यात गाठ निघाली तेव्हा घरच्यांनी ठरवलं, तिला काही सांगायचं नाही. नागपूरच्या रुग्णालयात चुलतभाऊ सर्जनना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, साधी गाठ आहे म्हणा. ती कच खाईल." सर्जन तरुण होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोट त्यांचं आहे. मी त्यांच्याशी बोलेन, तुम्ही सगळे इथं बसा." त्यांनी स्टूल ओढलं आणि खाटेच्या उंचीला आले. आधी म्हणाले की गाठ आतड्यापुरतीच दिसते आहे, काढता येण्याजोगी आहे. मग गाठ कसली, ते नाव घेऊन सांगितलं. या शस्त्रक्रियेतून किती माणसं नीट घरी जातात तो आकडा दिला, आणि न थांबता तोच आकडा उलटा करून, किती जात नाहीत तेही सांगितलं. चुलतभावानं मान खाली घातली. मोठी आई सर्जनच्या तोंडाकडे पाहत होती.

"मले काय करा लागन?" तिनं विचारलं.

तंबाखूचा खर्रा आजपासून बंद, ते म्हणाले. रोज वऱ्हांड्यात चालायचं. नर्सबाई एक डबी देतील, तिच्यातल्या नळीतून श्वास आत ओढून तीन गोळे वर उचलायचे, जितके जास्त वेळ वर राहतील तितकं फुप्फुस तयार होईल. कदाचित काही महिने पोटावर पिशवी राहील. चुलतभाऊ पुन्हा हलला, पण मोठी आई हलली नाही. कापूस वेचून होऊ द्या, मग करू, असं ती म्हणाली. सर्जननी मान हलवली. तेवढं थांबता येणार नाही, थांबलात तर आज जे काढता येतं आहे ते नंतर येणार नाही, हेही त्यांनी त्याच शांत आवाजात सांगितलं.

ती थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिली, मजूर असतील किंवा दिवस. "मंग सोमवारीच करा," ती म्हणाली. "पण ते पिशवी कशी असते, ते मले आधी दाखवा." नर्सबाईंनी एक कोरी पिशवी आणली. मोठ्या आईनं ती उजेडाकडे धरली, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली, तोंडाशी असलेल्या चिकट कड्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ही धुवायची कशी, आणि लुगडं तिच्यावरून नेसायचं का खालून.